अगो, मध्ये बस!

मराठीत बोट दोन प्रकारे लागते. धक्क्याला लागते तेव्हा माणसं घाईघाईने उभी राहतात आणि माणसांना लागते तेव्हा ती आडवी होतात. मी दोन्ही प्रकार लहानपणीच बघून ठेवल्यामुळे क्रूझ नावाच्या थाटाला कधी फारशी बिचकले नाही. आतापर्यंत सहा झाल्या. त्यामुळे आमच्या सोसायटीत मला ‘क्रूझवाल्या काकू’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि ‘हिला एवढी पेन्शन येते तरी कुठून’ किती, याचा मी शोध घेतलेला नाही. (पेन्शन भूगोलाच्या बाईंची आहे. तेहेतीस वर्षं भूमध्य समुद्र फळ्यावर काढला. निवृत्त झाल्यावर तो खरंच निळा आहे का ते बघायला गेले, इतकंच.)

एप्रिल लागला की फोन सुरू होतात. ‘काकू, स्वेटर न्यायचा का?’ ‘काकू, आठ दिवस आत कंटाळा नाही का येत?’ हे बायकांचे प्रश्न. पुरुष आधी जहाजाचं टनेज, मजले, इंजिनं यांवर पंधरा मिनिटं बोलतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, ‘हलतं का हो फार?’

हलतं. म्हणून खोली कुठे घ्यायची हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्या आजीने १९६३ सालीच देऊन ठेवलेलं आहे.

मे महिन्यात आम्ही गिरगावातून भाऊच्या धक्क्यावर आणि तिथून कोकण बोटीने हर्णैला जायचो. बोटीत पाऊल पडताच लोक धावायचे ते कठड्याजवळची जागा धरायला. वारा येणार, समुद्र दिसणार! आजी मात्र आमची वळकटी बरोबर बोटीच्या मधोमध, खालच्या डेकवर उलगडायची. ‘अगो, मध्ये बस. कडेला बसायला आपण काय बगळे?’ तिथे इंजिनाची धग, तेलाचा वास, शेजारी कुणाची तरी कोंबड्यांची डालगी. आम्ही रुसून बसायचो. पण श्रीवर्धन येईपर्यंत कठड्याजवळची हौशी मंडळी एकेक करून पांढरी पडायची आणि आम्ही मध्ये बसून दडपे पोहे खात असायचो.

जहाज म्हणजे बागेतला सी-सॉ. टोकावरचा माणूस वरखाली जातो, मधला जागच्या जागी राहतो. एवढं साधं असून क्रूझ विकणारे लोक तुम्हाला सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची खोली ‘प्रीमियम’ म्हणून विकतात आणि आपण ती आनंदाने घेतो. पुढच्या टोकाला आणखी एक सोय असते. पहाटे नांगर सुटला की त्याची साखळी अशी खडखडत जाते, की चाळीत कुणी जिन्यावरून पिंप सोडून दिलंय असं वाटावं.

आमची पहिली क्रूझ सिंगापूरहून पेनांग-फुकेतला जाणारी. एजंटाने खोली मधली दिली, पण वरच्या मजल्याची, आणि तिच्या बरोबर डोक्यावर बुफे होता. डोंबिवलीत आमच्या वर राहणारे लोक रात्री अकराला फर्निचर सरकवतात. त्यांच्यापासून पाच दिवस सुटका म्हणून आम्ही परदेशात गेलो, तर तिथे पहाटे साडेचारला दोनशे खुर्च्या ओढायला सुरुवात! तेव्हापासून मी जहाजाचा नकाशा घेऊन बसते आणि तीन मजले एकावर एक ठेवून बघते. वर झोपलेली माणसं हवीत, खाली झोपलेली माणसं हवीत. वर पोहण्याचा तलाव नको, खाली नाटकगृह नको.

बाल्कनी घ्यायची का, यावर घराघरांत भांडणं होतात. माझं मत विचाराल तर गार, डोंगरांचा प्रदेश असेल तर घ्या. सिंगापूरच्या उकाड्यात घेऊ नका. तिथे बाल्कनीचा उपयोग ओली बनियन वाळवायला होतो आणि त्यालाही मनाई असते. आतली खोली स्वस्त. फक्त ती इतकी काळोखी असते, की दिवा मालवला की सकाळ झाली की नाही ते कळत नाही. त्यावर उपाय आहे. खोलीतल्या टीव्हीवर बहुतेक जहाजांत एक वाहिनी असते, तिच्यावर नाळेवरच्या कॅमेऱ्यातून समोरचा समुद्र दिवसरात्र दाखवतात. आवाज बंद करून ती लावून ठेवायची. उजाडलं की पडदा उजळतो. आमचे हे तिला ‘आपली फुकटची बाल्कनी’ म्हणतात आणि सकाळी तिच्यासमोर उभे राहून प्राणायाम करतात.

आणि भिंती पोलादी असतात हे लक्षात ठेवा. नातेवाइकांनी आणून दिलेले आयफेल टॉवर आणि लंडनचे लाल टेलिफोन घरच्या फ्रिजवर नुसते चिकटून असतात. त्यांना सोबत न्या आणि कामाला लावा. आमच्या खोलीत टोपी, पिशवी, रोजचं वेळापत्रक आणि ह्यांच्या गोळ्यांची यादी हे सगळं चुंबकांवर लटकत असतं.

आता पत्रकावर छापलेली गावं. रोम. फ्लॉरेन्स. पॅरिस. ही सगळी मी फळ्यावर काढलेली आहेत आणि त्यांतलं एकही समुद्राकाठी नाही. जहाज रोमला जात नाही. ते चिविताव्हेक्कियाला जातं (हे त्याला शेवटपर्यंत चिवडावेक्किया म्हणत होते) आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो, तिथून पुढे नव्वदेक किलोमीटर. पॅरिस म्हणजे ल हाव्र आणि तिथून पॅरिस दोनशेच्या आसपास. म्हणजे मुंबई दाखवतो म्हणून नाशिकच्याही पलीकडे उतरवायचं! ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ही जाहिरात वाचून ज्यांनी बदलापूरला घर घेतलंय त्यांना हे फोड करून सांगावं लागत नाही. जहाजाची रोमसहल माणशी शंभर डॉलरच्या पुढे जाते. चिविताव्हेक्कियाहून साधी लोकलसारखी गाडी आहे, तासाभरात रोम. लोकलमध्ये चढता येणाऱ्या माणसाला इटलीत काहीही जमतं.

व्हिसाचं एकच सांगते. ग्रीसच्या बेटांची क्रूझ घेतलीत तर मध्ये कुशादासी लागतं. नाव ऐकून मंगळवेढ्याकडची कुणी संत कवयित्री वाटेल, पण ते तुर्कस्तानातलं बंदर आहे, एफिससचे भग्नावशेष बघायला तिथे उतरतात. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही. एकदाच आत सोडणारा व्हिसा काढलात, तर तुर्कस्तानातून परत ग्रीसच्या किंवा इटलीच्या दारात आल्यावर तुमची स्थिती त्रिशंकूसारखी होईल. अनेकदा आत-बाहेर करता येईल असाच व्हिसा मागा.

जहाजावर चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. बॅगा बहुतेक काळ्या. तीन हजार माणसांच्या पाच हजार काळ्या बॅगा. मी आमच्या बॅगांच्या मुठीला जुन्या खणाच्या चोळीची पट्टी बांधते, इरकली काठासकट. हीदेखील आजीचीच युक्ती. तिच्या बोचक्यांना लाल चिंधी असायची.

भूमध्यच्या खेपेला एक बॅग आली आणि दुसरी आली नाही. मग फोन. खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत बोलावणं. तिथे लांबलचक टेबलावर इस्त्र्या, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्त्या, मोज्यात गुंडाळलेल्या बाटल्या आणि कुणाचा तरी राइस कुकर असा ऐवज मांडलेला होता. त्यांच्यात आमची चहाची इलेक्ट्रिक किटली. खोलीत तापणारी कुठलीही वस्तू चालत नाही. पण हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. ह्यांनी टेबलावर हात टेकले आणि ‘आठशे वॅट’ या विषयावर इंग्रजीतून बोलायला लागले. समोरचा सुरक्षा अधिकारी नेपाळी होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाला, ‘साब, घर में आग लगे तो बाहर भागते हैं. यहाँ बाहर कहाँ है?’

हे गप्प झाले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत ह्यांना असं कुणी गप्प केलं नव्हतं. पावती घेऊन आम्ही वर आलो. आता ही गोष्ट हेच सगळ्यांना सांगतात. फक्त त्यात किटली दुसऱ्या कुणाची तरी असते.

चहाचं मग काय करायचं? जहाजावर चहा म्हणजे गरम पाणी आणि दोऱ्याला लटकलेली पुडी. दोन पुड्या घ्या, गरम दूध वेगळं मागा (गरम, हे दोनदा सांगा) आणि चहाचा मसाला डबीतून न्या. रंग येतो. बाकी काही येईल याची खात्री नाही.

निघायच्या आधी एक कवायत असते. सात तोकडे भोंगे आणि एक लांब. तो ऐकला की आपापल्या ठरलेल्या जागी जायचं. हल्ली बऱ्याच जहाजांवर फोनवर चित्रफीत दाखवतात आणि जागेवर जाऊन नुसती हजेरी लावायची असते. तरी लोक कुरकुरतात, बारमधून उठत नाहीत. माझी तिथे शिस्त मोडत नाही. आजीची एक लांबची बहीण ‘रामदास’वर होती. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट भर पावसात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आजी बोटीत बसली की आधी हात जोडायची आणि मग दोर, पिंपं, फळ्या कुठे आहेत ते डोळ्यांनी मोजून घ्यायची. इटलीजवळ जिल्यो बेटाशी २०१२ च्या जानेवारीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, तिच्यावरच्या कित्येक प्रवाशांची ही कवायत झालेलीच नव्हती. ती दुसऱ्या दिवशी व्हायची होती. बत्तीस जण गेले. त्यानंतर निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर कवायत घ्यायचीच, असा नियम झाला. दहा मिनिटं उभं राहा, काही बिघडत नाही.

डेकवरच्या आरामखुर्च्यांवर पहाटे सहाला टॉवेल पडतात आणि मालक येतात दहाला. गोरे लोक यावर फार चिडतात, लेख लिहितात. आपल्याला कसलं नवल? एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांची पोरं आपण. मी टॉवेलबरोबर चष्म्याचं रिकामं घर ठेवते. टॉवेल उचलायला कुणी कचरत नाही, पण म्हाताऱ्या माणसाचा चष्मा हलवायची हिंमत होत नाही.

खाण्याबद्दल लोकांना सर्वांत जास्त ऐकायचं असतं. पहिल्या दिवशी बुफेत शिरल्यावर माणसाचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. हयातभर पानात काही टाकू नये म्हणून मुलांना दटावलेली माणसं एका ताटात सुशी, पास्ता, डोसा, पाव आणि तीन प्रकारचे केक रचून येतात. ‘पैसे भरलेत ना?’ भरलेत. पण पोट भरलेल्या पैशांच्या प्रमाणात वाढत नाही. दारात एक मुलगा उभा राहून गाणं म्हणत हात धुवायला लावतो. त्याला चुकवून आत शिरू नका. जहाजावर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस पसरतो, त्याला बाटलीतल्या सॅनिटायझरचं फारसं काही वाटत नाही, त्याला साबण-पाणीच लागतं. आजीच्या भाषेत, चूळ भर, हात धू, मग पानावर बस.

बुफेपेक्षा संध्याकाळचं मोठं जेवणघर बरं. तिथे रोज तेच टेबल मिळवता येतं आणि रोज तोच वाढपी. शाकाहारी, जैन, बिनअंड्याचं, काय हवं ते आदल्या रात्री मुख्य वाढप्याला सांगायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी वेगळं करून आणतात. त्या वेळी सांगितलंत तर उकडलेल्या भाज्या येतात आणि तुमची चूक असते.

भूमध्यच्या जहाजावर आमचा वाढपी गोव्याचा निघाला, बार्देसचा. पहिले दोन दिवस तो आमच्याशी फार स्वच्छ इंग्रजी बोलला. तिसऱ्या रात्री ह्यांनी फ्रेंच नावाचा मासा काट्याने उलटसुलट करून बघितला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘भात असता तर…’ मुलगा पाणी ओतत होता. तो वाकला आणि कानाशी पुटपुटला, ‘अंकल, शीत-कडी जाय?’

ह्यांनी चटकन मान वर केली. परदेशात रस्ता चुकल्यावर आपल्या नंबराची बस दिसावी तसा चेहरा. दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर चांदीच्या झाकणाखाली पांढरा भात आणि नारळाची लालसर कढी आली. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन बाईंनी विचारलं, हे मेनूत कुठल्या पानावर आहे? मुलगा गंभीरपणे म्हणाला, ‘शेफ्स स्पेशल, मॅडम.’

त्याचे वडीलही बोटीवर होते आणि आजोबाही. गोव्यात यांना तारवटी म्हणतात. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या गावागावांच्या कुडी आहेत. बोट मिळेपर्यंत खलाशी तिथे एका पेटीवर आणि एका खाटेवर राहायचे. मी गिरगावात वाढले, रोज त्या इमारतींवरून शाळेत गेले आणि ती माणसं कुठे जातात हे मला कळलं ते एजियन समुद्रात, कढीभात जेवताना. मुलाचा करार आठ महिन्यांचा होता. घरी दीड वर्षाची मुलगी. तिला तो धक्का आला की व्हिडिओ कॉलवर बघायचा, कारण समुद्रात नेट परवडत नाही.

आणि म्हणून बक्षिशीबद्दल माझं मत ठाम आहे. माणशी रोजचे पंधरा-वीस डॉलर जहाज आपोआप बिलात लावतं. ते काढून टाकता येतात, हे आपल्या लोकांना बंदराच्या नावाआधी ठाऊक असतं. शेवटच्या दिवशी त्या खिडकीसमोर रांग लागते आणि तिच्यात मराठी ऐकू येतं. मी त्या रांगेजवळून जाताना मुद्दाम ओळख दाखवत नाही.

नेटवरून आठवलं. फोन विमानातल्यासारखा बंद ठेवा, बंदर सुटायच्या आधी. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि आपला फोन भोळा, तो ते पकडतो. आमच्या वन्सना पेनांगच्या खेपेला सूर्योदयाचं ‘शुभ सकाळ’ आलं, गुलाबासकट. त्या गुलाबाच्या पैशांत दादरला महिनाभर हार आले असते.

आता मूळ मुद्दा, लागण्याचा. उन्हाळ्यात एजियनमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो. तो सुटणार हे कप्तान गोड शब्दांत सांगतो, पण त्याच्या शब्दांवर जाऊ नका. जिन्याचे कठडे बघा. तिथे कागदी पिशव्या खोवलेल्या दिसल्या, की समजायचं आज रात्री मजा आहे. मिकोनोसहून निघालो त्या संध्याकाळी मला त्या दिसल्या. मी ह्यांना दोन बिस्किटं आणि हिरवं सफरचंद खायला लावलं आणि आलेपाकाची वडी दिली. पोट रिकामं नको, तुडुंब नको आणि तोंडात आलं. डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी असेल तर ती आधी घ्यायची, लागल्यावर घेऊन उपयोग नाही. लागलंच तर वर उघड्यावर जाऊन क्षितिजाकडे बघत बसायचं, खोलीत पुस्तक वाचत नाही. त्या रात्री नाचगाण्याच्या कार्यक्रमात प्रेक्षकांपेक्षा नर्तक जास्त होते. सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर, मधोमध, दडपे पोहे नव्हते म्हणून ऑम्लेट खात होते आणि पार वरच्या सुइटमधले एक गृहस्थ कॉफीचा वास आला म्हणून माझ्यासमोरून उठून गेले.

सान्तोरिनीला जहाज किनाऱ्याला लागत नाही. ज्वालामुखी खचून झालेल्या त्या खोलगटात पाणी इतकं खोल आहे, की मोठी जहाजं नांगरदेखील टाकत नाहीत. नंबराची चिठ्ठी घेऊन बसायचं, नंबर आला की जहाजाच्या पोटातल्या दारातून लहान बोटीत उतरायचं. या पद्धतीला टेंडर म्हणतात आणि पत्रकात तिचं वर्णन ‘अनुभव’ असं असतं. मी दारात उभी राहिले आणि मला हसूच आलं. हे तर हर्णै!

हर्णैलाही बोट बाहेर उभी राहायची. सुवर्णदुर्गाकडून होड्या यायच्या, बोटीच्या अंगाला घासत वरखाली व्हायच्या. खाली खलाशी हात पसरून उभा. आजी मागून दंड धरून ठेवायची. ‘खाली बघू नको. होडी वर आली की पाय टाक. जाताना टाकू नको.’ मग काठाशी होडी वाळूत रुतली की खलाशी आम्हा पोरांना खांद्यावर टाकून गुडघाभर पाण्यातून नेऊन ठेवायचे. आजीच्या हातात त्या वेळी एक लहान पिशवी असे, तिच्यात घरातल्या प्रत्येकाचा एकेक जोड कपडे. ‘बोचकी मागनं येतील, नाहीतर येणारही नाहीत. अंगावरचं भिजलं तर काय नेसशील, सुवर्णदुर्ग?’

सान्तोरिनीच्या होडीत उभा होता तो ग्रीक खलाशी असेल साठीचा. हाताचं मनगट दोराच्या गाठीसारखं. लाट खाली गेली, त्याने माझ्या कोपराखाली हात घातला आणि नुसता थांबला. माझ्यापुढच्या बाई घाई करून खाली जाणाऱ्या होडीवर पाय टाकायला गेल्या होत्या आणि किंचाळल्या होत्या. मी खाली बघितलं नाही. होडी वर यायला लागली तसं त्याच्या पंजाने कोपर एक इंचभर वर उचललं. तेवढंच. मी पाय टाकला. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, एका धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याकडे बघून हलवावी तशी.

वर फिरा गावात जायला दोरीवरची गाडी आहे किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या, खेचरांसकट. ह्यांनी पायऱ्या मोजत चढायचं ठरवलं. अडीचशेनंतर मोजणं बंद झालं, पुढे नुसती खेचरं मोजली. परतीच्या गाडीची रांग दुपारी तासाभराची होते, हे लक्षात ठेवून उतरायला लागा. कारण जहाज थांबत नाही. ‘येतायत हो, जरा दम खा’ म्हटलं की एसटीचा कंडक्टर घंटीवरचा हात काढतो. कप्तानाला तशी रीत नाही. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर थांबतात, तुमच्या रिक्षाला झाला तर नाही. त्यात घड्याळाची भानगड. इटलीहून ग्रीसला जाताना एक तास पुढे. रात्री उशीवर तशी चिठ्ठी ठेवतात आणि ती नेमकी टॉवेलच्या हत्तीखाली जाते. निघायच्या वेळी वरच्या डेकवर गर्दी जमते, ती सूर्यास्तासाठी नव्हे, धक्क्यावरून पळत येणारे बघायला. टाळ्या वाजवतात. हे दर बंदराला तिथे पहिल्या रांगेत असतात, एचएमटीच्या घड्याळाकडे बघत, ‘दोन मिनिटं… दीड मिनिट…’ असं मोठ्याने म्हणत.

शेवटच्या रात्रीची एक शिस्त असते. रंगीत चिठ्ठी लावून मोठ्या बॅगा अकराच्या आत खोलीबाहेर ठेवायच्या. रात्रीतून त्या खाली जातात आणि सकाळी धक्क्यावरच्या शेडमध्ये भेटतात. या कामात मी निष्णात आहे असं माझं मत होतं. पासपोर्ट वेगळे, गोळ्या वेगळ्या, आलेपाक वेगळा. ह्यांचा ब्लेझर बाहेर ठेवला, विमानात एसी असतो म्हणून. (मुलाच्या लग्नातला, पितळी बटणांचा. ‘फॉर्मल नाइट’ला तो आणि माझी पैठणी मिळून आम्ही तीन खेपा तोलून धरल्यात.) हे जेवून येऊन, कपडे बदलून झोपलेले होते. खुर्चीवर पडलेली पँट मी घडी करून बॅगेत घातली, खणाची पट्टी ताणून बघितली आणि दोन्ही बॅगा बाहेर सरकवल्या. पावणेअकरा. टापटीप.

पहाटे पावणेसहाला अंधारातून आवाज आला, ‘अगं, माझी पँट?’

मी उत्तर दिलं नाही. चढताना आजीची पिशवी मला दर खेपेला आठवते; माझ्या हातातल्या पिशवीत पहिल्या दिवसाचा जोड असतोच असतो. उतरताना ती आठवली नव्हती.

पँटी सगळ्या मिळून चार. चारही आठ मजले खाली, पाच हजार बॅगांच्या ढिगाऱ्यात. माझी सलवार चढवून बघितली, ती पोटरीवर संपली. खोली साफ करणाऱ्या मुलाने आदरपूर्वक एक मोठा टॉवेल पुढे केला. शेवटी जे अंगावर होतं तेच उरलं. पांढऱ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांचा नाडीचा लेंगा. त्यावर ब्लेझर, पितळी बटणं लावून. खाली काळे मोजे आणि बूट. ह्यांनी आरशात बघितलं, केस विंचरले आणि एकदम ताठ झाले. वीज मंडळात मंत्र्यांची भेट असली की होत तसे.

न्याहारीला आमचा गोव्याचा मुलगा भेटला. त्याने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तोंडातून शब्द न काढता ह्यांची खुर्ची इतरांपेक्षा जरा जास्तच अदबीने ओढली.

उतरायच्या रांगेत आमच्या मागे एक फिकट गुलाबी टोपीवाल्या म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांची नजर मला लेंग्यावर जाणवत होती. शेवटी त्यांनी वाकून विचारलं, फारच सुंदर आहे, लिनन का?

‘कॉटन,’ हे म्हणाले. ‘इचलकरंजी.’

शेडमध्ये खणाची पट्टी लांबूनच दिसली. मी तिथेच बॅग आडवी पाडली, कुलूप काढलं, वरचीच पँट ओढून ह्यांच्या पुढे धरली आणि प्रसाधनगृहाकडे बोट दाखवलं. ह्यांनी पँटकडे बघितलं. मग बाहेर, बसच्या रांगेकडे. मग पुन्हा पँटकडे.

‘असू दे,’ म्हणाले, ‘विमानात नाडीच बरी.’